हजेरीपट आडवा वाचा

प्रति,
सोलापूर शहरातल्या प्राथमिक शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर बसणाऱ्या सगळ्या आयांना आणि वडलांना

नमस्कार.

तुमच्यातल्या काही जणी माझ्याच वर्गात बाकावर बसलेल्या आहेत, त्यामुळं ओळख लांबवत नाही. पहिली-दुसरीच्या वर्गांवर सव्वीस वर्षं काढली. शाळा पूर्व भागातली, माध्यम मराठी, आणि वर्गातल्या निम्म्याहून जास्त पोरांच्या घरी तेलुगू. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, तरी शाळेच्या वेळेत गल्लीत दिसलेलं पोर अजून मला बघून पळतं.

पत्राला कारण झालं ते असं. आमच्या शेजारची एक बाई तिच्या मुलीच्या शाळेच्या समितीवर आहे. जुलैची बैठक करून आली आणि दारातूनच म्हणाली, "बाई, आपल्या शाळेची हजेरी एक्क्याण्णव टक्के हाय म्हणे. लई चांगली." इतिवृत्तावर सही झाली, चहा-बिस्किटं झाली, बैठक उठली. मी विचारलं, "मग उरलेले नऊ टक्के कोण गं?" तिनं जरा विचार केला. "काय की बाई."

त्या 'काय की'साठी हे पत्र.

हजेरीपट तुम्ही पाहिला असेल. डावीकडं पोरांची नावं, वर तारखा. रोज पहिल्या तासाला गुरुजी किंवा बाई खुणा करतात आणि त्या दिवसाच्या रकान्याखाली आकडा मांडतात: पट तीस, हजर सत्तावीस. ही उभी बेरीज. तीच मुख्याध्यापकांकडं जाते, तिच्यावरच खिचडीचा तांदूळ मोजला जातो, तीच मोबाइलवरून वर पाठवली जाते. महिन्याच्या शेवटी तिचीच सरासरी निघते आणि ती तुमच्यापुढं येते. प्रत्येक नावासमोरून जी आडवी ओळ जाते, तिचीही बेरीज शेवटच्या रकान्यात असते. ती कुणी मोठ्यानं वाचत नाही.

आता हिशेब बघा. वर्गात ३० पोरं, महिन्यात शाळेचे २० दिवस, म्हणजे ६०० हजेऱ्या. ९० टक्के हजेरी म्हणजे ६० खाडे. हे ६० खाडे प्रत्येक पोराचे दोन-दोन असू शकतात. पावसाळ्यात सर्दी-ताप होतो, कुणाचं लग्न निघतं, त्याचं काही वाटून घ्यायला नको. पण तेच ६० खाडे सहाच पोरांचे दहा-दहाही असू शकतात. चोवीस पोरं रोज हजर आणि सहा पोरं महिन्यातून अर्धे दिवस घरी. टक्का दोन्हीकडं तोच, आणि सही करणाऱ्याला फरक कळत नाही.

बरं, सरकारलाही कळत नाही. आपल्या राज्यात पोर सलग महिनाभर शाळेत आलं नाही की ते शाळाबाह्य धरतात. मग यंत्रणा हलते. बालरक्षक शिक्षक घरी जातात. ऊसतोडीला निघालेल्या घरातलं पोर असेल तर शिक्षण हमी कार्ड देतात, म्हणजे ते जिथं जाईल तिथल्या शाळेनं त्याला बसवून घ्यायचं. आपला जिल्हा साखर कारखान्यांचा, इथं त्याची गरज आहेच. पण जे पोर सोमवारी येतं, मंगळवारी नाही, बुधवार-गुरुवार येतं, शुक्रवारी नाही, शनिवारी परत हजर, त्याचे सलग तीस दिवस जन्मात भरत नाहीत. शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस शाळा सांगितली आहे. आठवड्याला दोन खाडे म्हटले तर त्यातले साठ-सत्तर दिवस गेले. तरी कागदावर ते पोर नियमित, आणि त्याच्या घरी कुणी जात नाही.

मुलींच्या उपस्थिती भत्त्याची योजना काही जणींना आठवत असेल. १९९२ साली सुरू झाली, पहिली ते चौथीच्या गरीब घरच्या ठरावीक प्रवर्गांतल्या मुलींसाठी, दिवसाला १ रुपया, अट ७५ टक्के हजेरीची. हेतू चांगला होता, एक रुपयालाही तेव्हा किंमत होती. पण ७५ टक्क्यांचा अर्थ मला फार उशिरा उमगला. दोनशेतले पन्नास दिवस घरी राहिलेली मुलगीही बक्षिसाला पात्र, आणि मी खुशाल यादीवर सही करत होते.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय तुम्हाला शिकवायचा मला हक्क नाही.

पहिलीत एक मुलगा होता. शांत, डोळे मोठे, घरी तेलुगू. दिवाळीच्या आधी वाचन घेतलं तर 'काका'ला 'कक' म्हणायचा आणि 'मामा'ला 'मम'. क येत होता, म येत होता, फळ्यावर स्वच्छ काढायचा. पण अक्षरापुढची उभी काडी त्याला दिसतच नव्हती जणू. मी त्याच्या आईला बोलावून सांगितलं, डोळे तपासून आणा. डोळे ठीक निघाले. मग माझ्या मनानं जो निकाल दिला तो इथं लिहायला लाज वाटते. पोर 'बेताचं' आहे, असं मी ठरवलं.

दिवाळीच्या सुट्टीत सत्राचा हजेरीपट पुरा करत बसले होते. त्याच्या ओळीवरून बोट फिरवताना मोजलं, तर सत्तावीस खाडे. सलग दोनच्या वर एकदाही नाही. म्हणून तर ते मला कधी खुपले नव्हते. मनात काय आलं कुणास ठाऊक, टाचणवही, म्हणजे रोज काय शिकवायचं ते लिहायची माझी वही, काढली आणि तारखा लावून बघितल्या. काना ज्या दिवशी शिकवला त्या दिवशी हा नव्हता. दुसऱ्या दिवशी सराव घेतला, तेव्हाही नव्हता. तिसऱ्या दिवशी आला तेव्हा वर्ग वेलांटीकडं निघाला होता आणि तो मागच्या बाकावर बसून मान डोलावत होता. काना म्हणजे काय हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. मी तरी कुठं सांगितलं होतं?

सुट्टीनंतर रोज मधल्या सुट्टीत दहा मिनिटं बसवला. तीन आठवड्यांत 'काका' आला, 'मामा' आला, 'बाबा' आला. चमत्कार वगैरे काही झाला नाही. बाकीची पंचवीस भोकं बुजवायला मला वेळ मिळाला नाही, आणि चौथीत गेला तेव्हाही हातचा घेताना अडखळायचा. पण त्यानंतर मी एकाही पोराला 'बेताचं' म्हणण्याआधी त्याची आडवी ओळ बघितल्याशिवाय राहिले नाही.

आठवीचं पोर दोन दिवस बुडालं तर मैत्रिणीची वही आणून उतरवून काढतं. पहिलीचं पोर वहीच वाचू शकत नाही, तर उतरवणार काय? पहिली-दुसरीतलं शिक्षण वहीत नसतंच. ते तोंडात, कानात, बोटांत असतं. बाई 'का' म्हणते, तीस पोरं 'का' म्हणतात, काडेपेटीच्या काड्या मांडून अक्षर करतात, कुणीतरी 'काकडी' ओरडतं, सगळे हसतात, आणि त्या हसण्यात तो काना डोक्यात बसतो. हे घरी कसं पाठवणार? गृहपाठात येत नाही ते, व्हॉट्सॲपच्या गटावरही येत नाही.

शिवाय आपल्या लिपीची रचनाच अशी की एकावर एक चढत जाते. हल्ली 'अ ते ज्ञ' एकदम घोकून घेत नाहीत. दोन-चार अक्षरं आणि एखादी खूण शिकवली की लगेच त्यांचे शब्द करायचे, मग पुढचा गट. पद्धत चांगली आहे, पोरं लवकर वाचायला लागतात. पण एक गट हुकला की पुढच्या प्रत्येक धड्यात तो खड्डा येतो. काना हुकला तर नुसता 'का' जात नाही, चा, ता, पा, मा, सगळी रांगच्या रांग जाते. आमच्या गिरणगावाच्या भाषेत सांगायचं तर ताण्यातला एक धागा तुटला आणि कुणी जोडला नाही, तर माग पुढं चालत राहतो, पण कापडात तेवढी रेघ शेवटपर्यंत उतरते.

आकड्यांचं तर आणखी अवघड, विशेषतः आपल्या पूर्व भागात. मराठीत २१ म्हणजे 'एकवीस': आधी एक, मग वीस. लिहिताना मात्र आधी दोन, मग एक. २९ ला तर 'एकोणतीस', म्हणजे तिसात एक कमी. तेलुगूत २१ म्हणजे 'इरवै ओकटि', वीस आणि एक, जसं लिहितो तसं. कन्नडमध्येही 'इप्पत्तोंदु', तोच क्रम. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'वीस एक' अशी पद्धत आली तेव्हा राज्यभर केवढी खडाजंगी झाली, आठवतं ना? लोकांनी थट्टा केली. मी गप्प होते, कारण माझ्या वर्गातली पोरं ते वर्षानुवर्षं आपापल्या घरच्या भाषेत तसंच मोजत आली होती. तर सांगायचं असं की घरी 'इरवै ओकटि' म्हणणाऱ्या पोराला 'एकवीस' ऐकू येण्याची जागा म्हणजे शाळा. गणिताचा तास बुडाला की त्याचं गणित जातं आणि मराठीही जाते. मराठी घरातल्या पोराचा एक खाडा तो एकच खाडा. या पोराचा एक खाडा म्हणजे दोन.

हे नुसतं माझ्या वर्गापुरतं नाही. अमेरिकेत वर्षातल्या शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस बुडाले की त्याची वेगळी नोंद ठेवतात, मग कारण ताप असो की दांडी. तिथं कॅलिफोर्नियात २०११ साली एक अभ्यास झाला. शाळेच्या अगदी पहिल्या दोन वर्षांत, म्हणजे बालवर्गात आणि पहिलीत, ज्यांचे इतके खाडे झाले होते त्या मुलांपैकी तिसरीत नीट वाचू शकणारी निघाली १७ टक्के. ज्यांची हजेरी चांगली होती, त्यांच्यात ६४ टक्के. मान्य, त्यांची शाळा वेगळी, भाषा वेगळी, गरिबीही वेगळी, आणि खाडे करणाऱ्या पोरांच्या घरी इतर अडचणीही असतात, सगळा दोष खाड्यांच्या माथी मारता येत नाही. पण १७ आणि ६४ मध्ये केवढं अंतर आहे ते बघा. आणि दहा टक्के म्हणजे फार नाही: २०० दिवसांत २०. महिन्याला दोन. कुणाच्या डोळ्यांवर येणारही नाहीत असे.

कोरोनात सगळ्यांच्याच शाळा बुडाल्या, तेव्हा आपण हे देशभर पाहिलं. 'असर'च्या ग्रामीण भागातल्या पाहणीत सरकारी शाळांतली तिसरीची मुलं दुसरीचा उतारा वाचू शकतात का, हे बघतात. देशाचा आकडा २०१८ मध्ये २०.९ टक्के होता, २०२२ मध्ये १६.३ वर घसरला, २०२४ मध्ये २३.४ वर आला. माझं मत विचाराल तर तो वर आला याचं एक कारण हेच की खड्डा सगळ्यांचा होता, सगळ्यांना दिसत होता आणि सगळे मिळून बुजवायला लागले.

म्हणून मी गड्ड्याच्या यात्रेवर कधी चिडले नाही. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, होम मैदानावर पाळणे, नंदीध्वजांची मिरवणूक. त्या दिवसांत वर्ग ओस पडतो. पडू दे. गड्ड्याला न गेलेलं पोर सोलापूरचं कसलं? निम्मा वर्ग नसेल तर कुठलीही शहाणी बाई नवा धडा काढत नाही. सगळे गेले की धडा थांबतो, एकटं पोर राहिलं की धडा त्याला सोडून पुढं जातो.

मग पोरं राहतात कशानं? 'पालकांना जाणीव नाही' हे वाक्य मी शिक्षकांच्या सभांत इतक्यांदा ऐकलंय की आता कानच बंद होतात. जाणीव असते. पाणी नसतं.

आपल्या शहराला गेली कित्येक वर्षं तीन-चार, कधी पाच दिवसांआड पाणी येतं. उजनी धरण शंभरावर किलोमीटरवर, पण नळ दाराशी असून कोरडा. पाण्याच्या दिवशी घरात काय चालतं ते तुम्हाला मी काय सांगू! आई नळापाशी, आजी पिंपापाशी, धाकटं रडतंय, आणि पहिलीतल्या पोराला शाळेत सोडायला माणूसच नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं की पोरगं सांगणार, "बाई, पाणी आलतं." सव्वीस वर्षांत हे उत्तर मी तापापेक्षा जास्त वेळा ऐकलं. हिशेब करा. पाचव्या दिवशी पाणी म्हटलं तर शाळेच्या २०० दिवसांत ४० वेळा. त्यातलं निम्म्या वेळी शाळेच्या वेळेत आलं, तर २० दिवस. तेच ते दहा टक्के, नुसत्या नळावर गेले.

साठवलेल्या पाण्याचं दुसरं टोक आजारपणात निघतं. पिंपात चार-पाच दिवस पाणी राहिलं, झाकण नीट नसलं, आठवड्याला पिंप घासून कोरडं केलं नाही, की डेंगीचा डास त्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. आणि एक ताप पोराला आठवडाभर घरी बसवतो.

घरोघरी विड्या वळायच्या कामाबद्दल मी जपून बोलते, कारण त्या हजार विड्यांवर घरं चालली आहेत आणि माझ्या कित्येक विद्यार्थिनींची फी त्यातूनच गेली आहे. पहिलीतल्या पोरीला कुणी विड्या वळायला बसवत नाही. पण माल जमा करायला आई कारखान्यात गेली की धाकट्याला सांभाळायला हीच असते. सहा वर्षांची पोर, कडेवर दीड वर्षाचं पोर. तिला विचारलं तर ती सांगेल, "आईनं ठेवलं." पान भिजवलेलं, तंबाखू उघडी, त्याच खोलीत झोपायचं, म्हणून खोकलाही तिच्याच वाट्याला जास्त.

एक कारण शाळेचं आहे, तेही कबूल करते. उशीर झालेल्या पोराला दारात उभं करायची आपल्याकडं खोड आहे. सहा वर्षांचं पोर स्वतःच्या मर्जीनं उशिरा येत नाही, पण उन्हात उभं तेच राहतं. दोनदा असं झालं की आई तिसऱ्यांदा म्हणते, आता उशीर झाला, राहू दे आज. अर्ध्या तासाचा उशीर अख्खा दिवस खातो. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नका असं २०२४ साली शासनानं सांगितलं, ते झोपेच्या दृष्टीनं ठीकच. पण ज्या घरात बाप सकाळच्या पाळीला जाता-जाता पोराला सोडायचा, तिथं आता कोण सोडणार, हे कुणी विचारलं नाही. आणि बाई प्रशिक्षणाला किंवा निवडणुकीच्या कामाला गेल्या, दोन वर्ग एकत्र बसवले, दिवसभर नुसतं 'हाताची घडी तोंडावर बोट', असं झालं की घरी पोरगं सांगतंच, आज काहीच शिकवलं नाही. त्या आईनं दुसऱ्या दिवशी पाण्यासाठी पोर ठेवून घेतलं तर तिला बोल कसा लावू?

आता तुमच्याकडं येते.

तुम्ही समितीवर नुसते सह्यांपुरते नाही. शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना आणि एकूण निम्म्या जागा बायकांना दिल्या आहेत. त्याच कायद्याच्या २४ व्या कलमात शिक्षकाच्या कर्तव्यांत लिहिलंय की पालकांच्या नियमित बैठका घेऊन मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता आणि प्रगती त्यांना सांगायची. शाळेची सरासरी नाही, मुलाची हजेरी. म्हणजे तुम्ही मागितलंत तर कुणावर उपकार नाही.

पुढच्या बैठकीत पहिली आणि दुसरीचा हजेरीपट मागवा. बाकीच्या इयत्तांचा नंतर बघू. सगळं एकदम काढलं की काहीच होत नाही हे आपल्याला ठाऊक आहे. शेवटचा रकाना बघा. महिन्यात ज्यांचे दोनपेक्षा जास्त खाडे आहेत त्या नावांखाली पेन्सिलीनं रेघ मारा. पेन्सिलीनंच, कारण तो शाळेचा दस्तऐवज आहे आणि मुख्याध्यापकांना त्रास नको. एका वर्गात पाच-सहा नावं निघतील, माझा अंदाज. ती नावं भिंतीवर लावू नका, पालकसभेत वाचू नका. एकदा आमच्या इथं एकानं वाचली होती. त्या महिन्यात दोन आया सभेला यायच्या बंद झाल्या, दुसरं काही घडलं नाही.

त्या घरी जा. शिक्षकांना पाठवू नका, तुम्हीच जा, शेजारीण म्हणून. बाई गेल्या की आई पदर सावरते आणि 'उद्यापासून पाठवते' म्हणते. तुम्ही गेलात तर खरं कारण सांगेल. तिथं जाऊन शिक्षणाचं महत्त्व सांगू नका, ते तिला माहीत आहे. एवढंच विचारा: कुठल्या दिवशी राहतं, आणि त्या दिवशी घरात काय असतं.

पाण्याचं कारण निघालं तर त्यावर फार खर्च नाही. गल्लीतल्या सगळ्यांकडं पाणी एकाच वेळी येतं हे खरं, पण प्रत्येक गल्लीत एखादी माझ्यासारखी रिकामी म्हातारी असते, एखादे निवृत्त गिरणी कामगार असतात. पाण्याच्या दिवशी आठ-दहा पोरांना एका रांगेत शाळेत नेऊन सोडायला एक माणूस पुरतो. आयांनी एकमेकींचं माणूस ठरवून घ्यायचं. शाळेनं एवढंच करायचं की त्या दिवशी रांग वीस मिनिटं उशिरा आली तर दार उघडं ठेवायचं. उशिराचं पोर आत घ्यायचंच, असा ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. असा एक ओळीचा ठराव दहा फलकांपेक्षा जास्त कामाला येतो.

शंभर टक्के हजेरीचं बक्षीस मात्र ठेवू नका, हात जोडते. ते ज्याला गरज नाही त्यालाच मिळतं, आणि वर ताप असलेलं पोर बक्षिसापायी येऊन सगळ्या बाकाला ताप देऊन जातं. आजारी पोर घरीच राहू दे. त्याचा खाडा वाईट नाही, परत आल्यावर त्याला विचारणारं कुणी नसणं वाईट.

आणि शिक्षकांना एक विनंती तुमच्या तोंडून करा, माझ्या तोंडून नको, मला ते 'जुन्या बाई' म्हणतील. परत आलेल्या पोराला पहिल्यांदा 'का आला नाहीस' विचारू नका. शेजारच्या पोराला सांगा, काल आपण काय केलं ते याला दाखव. सहा वर्षांचं पोर दुसऱ्या सहा वर्षांच्या पोराला काना असा शिकवतं की आपण बघत राहावं. मग मधल्या सुट्टीतली दहा मिनिटं. टाचणवहीत कडेला त्या दिवशी कोण नव्हतं त्यांची नावं लिहून ठेवली की दहा मिनिटांत काय घ्यायचं ते शोधावं लागत नाही. मी हे निवृत्तीच्या आधीची सात वर्षं केलं. आधीची एकोणीस वर्षं केलं नाही.

माझ्या शेजारणीला मी हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाई, मी बैठकीत हजेरीपट मागितला तर गुरुजी काय म्हणतील?" मी म्हटलं, काय म्हणतील ते म्हणू देत, तू 'आडवी बेरीज बघायचीय' एवढंच म्हण. ऑगस्टच्या बैठकीत तिनं मागितला. पहिलीत सात नावं निघाली. सातांतली चार पोरं आमच्याच गल्लीतली, आणि चौघांचंही कारण एकच.

आमच्याकडं पाणी आता परवा येईल. त्या दिवशी सकाळी सव्वादहाला मी कोपऱ्यावरच्या मारुतीपाशी उभी असेन. चार पोरं ठरली आहेत, आणखी कुणाची असतील तर पाठवा. पाण्याची बाटली भरून द्या, बाकी मी बघते.

आपली,
पहिलीच्या वर्गाची एक निवृत्त बाई
सोलापूर